बासष्ट मूर्च्छा

शब्दकोशासाठी आलेली बासष्टावी चिठ्ठी वाचून खाली ठेवली तेव्हा म्युरियल ट्रेस्कॉटच्या लक्षात आलं, की या कवितांच्या ओळींतली एकही बाई एकटी असताना पडलेली नाही. लक्षात आलं म्हणजे काय, नुसतं मनात आलं आणि गेलं, नाकावर माशी बसून उडावी तसं. पण मग तिनं गठ्ठा पुन्हा उचलला आणि पहिल्यापासून चाळायला घेतला. राणी पडते ती भर दरबारात. कोळ्याची पोर पडते ती किनाऱ्यावर, नवऱ्याच्या प्रेताभोवती सगळं गाव जमलेलं असताना. एक जोगीण आहे, वाटतं ही तरी एकटी असेल, तर तिच्याही दाराआड मठातली म्हातारी उभी असतेच. प्रत्येकीच्या पडण्याला कोणी ना कोणी हजर. बाप, नवरा, प्रियकर, गेलाबाजार एखादी दासी. आणि मग ते सगळे धावतात, उचलतात, तोंडावर पाणी मारतात, आणि जे करायला निघाले होते ते सोडून देतात. निघालेले घोडे थांबतात, ठरलेली लग्नं मोडतात, लढाईवर जाणारा जायचा राहतो. म्युरियलनं पेन्सिल टेबलावर ठेवली. समोर खिडकीच्या कठड्यावर एक बंदरातला पांढरा पक्षी बसून तिच्याकडे बघत होता. आईही कधी एकटी असताना पडलेली नव्हती.

शब्द तसा मेलेलाच होता. स्वाउंड. म्हणजे मूर्च्छा, भोवळ, शुद्ध हरपणं, काय म्हणाल ते. तीनशे वर्षांपूर्वी ब्रिस्टलच्या बाजारातल्या मासेवाल्या बायकाही तो सर्रास म्हणत असतील, पण नंतर लोकांच्या तोंडातून तो उतरला आणि फक्त कवींनी तेवढा जपून ठेवला. त्याचं कारणही काही फार थोर नव्हतं. इंग्रजीत जमिनीशी, म्हणजे 'ग्राउंड'शी, त्याचं यमक छान जुळतं, त्यामुळे कवितेतली बाई जमिनीवर आली की ती मूर्च्छित व्हायची, आणि मूर्च्छित झाली की जमिनीवर यायची. कवीचं काम सोपं. गेल्या शतकातल्या कवींना तर जुन्याची भारीच हौस. भुयारं, किल्ले, चंद्रप्रकाश आणि त्यात हा शब्द, मखमलीचा तुकडा शिवावा तसा शिवलेला. देशभरातले वाचक, पाद्री, निवृत्त लष्करी अधिकारी, घरात बसलेल्या बायका, पुस्तकं वाचून वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवायचे आणि पोस्टानं कोशाकडे धाडायचे. मग त्या खणांत लागायच्या. म्युरियलनं त्या खणातून काढायच्या, सालाप्रमाणे लावायच्या, अर्थाप्रमाणे ढीग करायचे, आणि व्याख्येचा मसुदा मुख्य संपादक डॉक्टर पेनफोल्डच्या टेबलावर ठेवायचा. गेली चौदा वर्षं ती हेच करत होती. ती सदतीस वर्षांची होती, चष्मा लावायची, आणि कोशखोलीत तिच्या शब्दाला मान होता. घरी तिचा शब्द कोणी विचारत नव्हतं. तशी वेळच येत नसे.

"काय गं, किती बायका पाडल्यास आज?" पलीकडच्या टेबलावरून मिस कूम्बनं विचारलं. बीट्रिस कूम्ब अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. तिच्याकडे ताक घुसळण्यासंबंधीचे शब्द होते आणि ती त्यांच्यावर जाम वैतागलेली होती.

"बासष्ट."

"बाप रे! आणि उठल्या किती?"

"जवळजवळ सगळ्या. पाच-सहा मेल्या."

"म्हणजे प्रमाण चांगलं आहे म्हणायचं," मिस कूम्ब म्हणाली. मग जरा आवाज खाली आणून, "एडिनबरोला कळवलंस का? शनिवार उद्या-परवावर आला बाई. तू गेली नाहीस तर मी जाईन हो, तुझं नाव लावून जाईन, तिथे थोडंच कोणी तुझं तोंड पाहिलंय!"

उत्तर द्यायचा शनिवार चार दिवसांवर होता. म्युरियलच्या पर्समध्ये पत्र होतं, आठ दिवस होतं, घडीवर फाटायला आलं होतं. तिकडे उत्तरेच्या बोलीभाषांचा एक नवा कोश सुरू होत होता. मिस्टर मॅक्रे नावाच्या संपादकांनी तिला बोलावलं होतं, हाताखाली दोन माणसं, स्वतःची खोली, आणि पहिल्या पानावर तिचं नाव. ती पत्र वाचताना खरं म्हणजे नावापाशी नव्हती थांबली. ती थांबली होती त्या खोलीपाशी. 'खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे' असं त्या बिचाऱ्या माणसानं लिहिलं होतं, आणि ते वाचताना तिचे डोळे भरून आले होते, इतकी ती मूर्ख होती. एवढंच सांगायचं होतं आईला. आई, मला एडिनबरोला बोलावलंय आणि मी जाणार आहे. तेवढं वाक्य. रोज सहा वाजता चहा घेताना ते वाक्य घशापर्यंत यायचं, आणि मग आई म्हणायची, "मुरांबा दे इकडे," आणि म्युरियल मुरांबा द्यायची.

पहिल्यांदा आई पडली तेव्हा म्युरियल एकोणीस वर्षांची होती. सकाळी न्याहारीला पत्र आलं होतं, बायकांच्या कॉलेजात जागा मिळाल्याचं. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. म्युरियलनं पत्र मोठ्यानं वाचलं, आणि आईनं कप बशीत ठेवला, बशी टेबलावर सरकवली, हात गळ्याशी नेला, आणि सोफा आणि टेबल यांच्या मधोमध ती अलगद खाली गेली. म्युरियल किंचाळली होती. तेव्हाची ती किंचाळी तिला अजून घशात जाणवायची, कडू. दुसऱ्यांदा मिस्टर टॉबिनच्या वेळी. मिस्टर टॉबिन रेल्वेची मोजणी करायला कॅनडात जाणार होते, त्यांचे कान उन्हानं सोललेले असायचे, आणि ते म्युरियलला 'ट्रेस्कॉट' असं नुसतं आडनावानं हाक मारायचे, जशी पोरं एकमेकांना मारतात. ते तिला आवडायचं. ते दिवाणखान्यात आईशी बोलायला आले, खुर्चीच्या टोकावर बसले, दोन वाक्यं बोलले, आणि तिसऱ्या वाक्याला आई खाली गेली. मिस्टर टॉबिननीच तिला उचलून सोफ्यावर ठेवलं. जाताना दारात ते म्हणाले, "आईला सोडून यायला मी तुला सांगू शकत नाही, ट्रेस्कॉट." आणि तिला वाटलं होतं, सांग ना! एकदा तरी सांग की! पण ते सभ्य होते. सभ्य माणसांनीच तिचं वाटोळं केलं होतं. त्यानंतर मग लहानसहान. लंडनला तीन दिवस. मिस कूम्बबरोबर समुद्रावर पंधरवडा. गेल्या साली तर नुसतं म्युरियल म्हणाली होती, की रविवारी चर्चला न जाता टेकडीवर फिरून यावं म्हणते, तरी आई जिन्याच्या पायरीवर बसली आणि पांढरीफटक पडली. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे. "नाडी माझ्या नाडीपेक्षा बरी आहे," ते म्हणायचे, "पण नाडीत सगळं थोडंच कळतं? त्यांना सांभाळा. धक्का बसू देऊ नका." अठरा वर्षं म्युरियल धक्का बसू देत नव्हती. चपला काढून चालावं तशी ती आपल्याच आयुष्यात चालत होती.

आणि आता हे. घरी जाताना ट्राममध्ये तिनं मनातल्या मनात आईच्या चिठ्ठ्या लावल्या. साल, जागा, कोण हजर होतं. सवयच ती, दुसरं काही तिला येतच नव्हतं. सगळ्या मिळून अकरा झाल्या, आणि अकराही ठिकाणी हजर म्हणून एक नाव होतंच, तिचं स्वतःचं. शेजारच्या मिसेस लोव्हेल दुपारच्या कितीदा तरी आईकडे बसायला यायच्या, त्यांच्यासमोर कधी नाही. मोलकरणीसमोर नाही. पाद्र्यासमोर नाही, आणि पाद्री तर भोवळ यावी इतकं लांबण लावायचा. म्हणजे आई खोटं पडते. अठरा वर्षं! हा विचार तिनं कधीच केला नव्हता असं नाही; तो तिनं अंधारात, चाचपत, पुष्कळदा केला होता आणि लगेच देवाची क्षमा मागितली होती. पण विचार वेगळा आणि पुरावा वेगळा. कोशखोलीत पुराव्याशिवाय पान हलत नसे. आता पुरावा होता, आणि राग यायला हवा होता. तो आलाही, पण तो कसा, तर बंद खोलीतल्या शेकोटीच्या धुरासारखा. डोळ्यांत गेला, छातीत गेला, बाहेर पडायला वाट नाही.

बुधवारी तिनं एक लाजिरवाणी गोष्ट केली. डोकं दुखतंय म्हणून ती तीन वाजता निघाली आणि घरी गेली, पण आत गेली नाही. मागच्या गल्लीतून जाऊन कोळशाच्या कोठारापाशी उभी राहिली. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. तिला काय बघायचं होतं? आई खुर्चीवर चढून घड्याळ पुसताना, टणाटण जिना चढताना, गाणं म्हणत नाचताना. असलं काहीतरी, की जे बघून एकदाचं मोकळं व्हावं. आई टेबलाशी बसली होती. टेबलावर दोन कप मांडलेले होते, मुरांब्याची बाटली, लोण्यावर झाकण. साडेतीन झाले होते. म्युरियल सहाला यायची. ग्रंथालयातली कादंबरी बाजूला पालथी पडली होती आणि आई नुसती दाराकडे बघत होती. वाचत नव्हती, विणत नव्हती, झोपली नव्हती. एकदा तिनं हात लांब करून समोरचा कप जरासा फिरवला, कान उजव्या हाताला येईल असा, म्युरियलच्या उजव्या हाताला. मग पुन्हा दाराकडे. म्युरियलला तिथून निघताच येईना. पायाखाली कोळशाचा चुरा होता आणि पावलाचा आवाज होईल अशी भीती वाटत होती. ती पाऊण तास तिथे उभी राहिली आणि त्या पाऊण तासात आईनं दुसरं काही केलं नाही. नंतर ती बंदराच्या बाजूला गेली आणि सहा वाजेपर्यंत जहाजांची नावं वाचत हिंडली. तिला वाटलं होतं चोर पकडायला जातेय. पकडलं काय, तर ते दोन कप. सहा वाजता दार उघडल्यावर आई म्हणाली, "आलीस? मी आत्ताच मांडामांड करायला घेत होते."

गुरुवारी सकाळी ती हट्टानं कामाला लागली. एक तरी चिठ्ठी असेल. कोशखोलीच्या कोठारातल्या जादा पेट्या तिनं खाली काढल्या, शेजारचे शब्द उपसले, मूर्च्छा, ग्लानी, झीट, घेरी, सगळ्या. एक तरी बाई सापडू दे, रानात, तळघरात, बंद खोलीत, जी कोणी बघत नसताना पडली आणि कोणी बघत नसताना उठली, झगा झटकला आणि चालू लागली. सापडली तर आईही तशी पडत असेल. सापडली नाही तर नाही. दोन्हीपैकी नेमकं काय हवंय हे तिला कळत नव्हतं, पण ती घाम पुसत चिठ्ठ्या उलटत होती, आणि मिस कूम्ब म्हणाली, "अगं, मेलेल्या शब्दासाठी किती जीव काढशील? उद्या तूच पडशील, मग त्रेसष्ट होतील!" जेवायच्या सुट्टीपर्यंत हाताची बोटं काळी झाली. मिळाली नाही. मग तिनं मसुदा लिहिला. 'मूर्च्छा. आता फक्त काव्यात.' आणि पुढे, आपल्याच हातून, कधी नव्हे ते धीट होऊन: 'नेहमी दुसऱ्याच्या देखत.'

डॉक्टर पेनफोल्ड सत्तरीचे होते. त्यांच्या दाढीत पेन्सिलींचे तुकडे सापडतात अशी कोशखोलीतली थट्टा होती. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय आहे, मिस ट्रेस्कॉट? नेहमी दुसऱ्याच्या देखत?"

"पुरावा आहे, सर. बासष्टच्या बासष्ट. मी शेजारचे शब्दही पाहिले. एकही बाई एकटी पडत नाही."

"अहो, पण एकटी पडली तर लिहील कोण?" ते हसले. हसताना त्यांचं पोट टेबलाला लागायचं. "बघायला कोणी असल्याशिवाय वाक्यच कसं होणार? चौदा वर्षं झाली तुम्हाला इथे. नव्या पोरांना तुम्हीच सांगता ना, की चिठ्ठी नाही म्हणजे फक्त चिठ्ठी नाही. वस्तू नाही असं नव्हे. आपल्याकडे अडगळीतल्या शब्दाच्या शंभर चिठ्ठ्या येतात आणि 'आणि' ची एक येत नाही. म्हणून काय लोक 'आणि' म्हणत नाहीत?" त्यांनी लाल पेन्सिलीनं ती ओळ उडवली. "फार छान झालंय बाकी. तुम्ही गेलात की माझे हाल आहेत. जाताय ना?"

"हो, सर," ती म्हणाली.

ती आपल्या टेबलाशी परत येऊन बसली तेव्हा तिची कानशिलं तापलेली होती. कशी चूक केली! पहिल्या महिन्यातल्या उमेदवारानं करावी ती चूक. आईच्या अकरा वेळा तिला ठाऊक होत्या, कारण त्या अकरा वेळा ती तिथे होती. उरलेल्या दुपारी? साडेतीन ते सहा? त्यांच्या चिठ्ठ्या कोण लिहिणार? आई एकटी पडत असेल, फरशीवर पडून राहत असेल, उठून कप मांडत असेल, आणि म्हणत असेल, आत्ताच मांडामांड करायला घेत होते. शक्य होतं. किंवा आई अठरा वर्षं तिला बनवत होती. तेही तितकंच शक्य होतं. कालपर्यंत दाराला निदान एक फट होती, रागाची. त्या फटीतून ती अंग चोरून निसटली असती. ती फट या भल्या म्हाताऱ्यानं हसत हसत बुजवून टाकली. आता कळण्याचा मार्गच नव्हता. आयुष्यभर आई पडेल आणि आयुष्यभर म्युरियलला कळणार नाही. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिनं टेबलाची कड धरली. आणि त्याच वेळी, कसं कोण जाणे, डोक्यात दुसरंच एक आलं, हलकटपणाचं, पोरकट. ते येताच तिला हसूही आलं. इतकी वर्षं आपण नेहमी चिठ्ठीच्या एकाच बाजूला उभ्या आहोत. धावणारी, उचलणारी, पाणी मारणारी. दुसरी बाजू करून बघितली तर?

चहाला मुरांबा संपत आला होता म्हणून आई कुरकुरत होती. मिसेस लोव्हेलच्या भाचीला मुलगी झाली होती आणि तिचं नाव फार वाईट ठेवलं होतं. "पोर मोठी होऊन कोर्टात जाईल," आई म्हणाली. आई तशी बोलायला गमतीची होती, हे म्युरियलला नेहमी मध्येच आठवायचं आणि तिची पंचाईत व्हायची. शेकोटीत कोळसा सरकला. आता, असं मनाशी म्हणून म्युरियलनं कप उचलला, म्हणजे हातांना काहीतरी धरायला असेल.

"आई, मला एडिनबरोला बोलावलंय."

"कोणी?"

"एका कोशाच्या कामाला. कायमचं. मी जाणार आहे."

आईनं कप बशीत ठेवला. बशी टेबलावर आत सरकवली. अठरा वर्षांत त्या घरात एकही कप फुटलेला नव्हता, हे म्युरियलच्या त्या क्षणी डोक्यात आलं, आणि आईचा हात गळ्याकडे निघालेला दिसला, बोटं जराशी पसरलेली, आणि म्युरियल ताडकन उभी राहिली आणि पडली.

तिनं ते ठरवून केलं. हे नंतर तिनं स्वतःपाशी कधीच नाकारलं नाही. गुडघे सोडले, खांदा वळवला, डोळे मिटले. पण हातातला कप ठेवायचा राहून गेला. तो टेबलाच्या पायावर फुटला, गरम चहा मनगटावर सांडला, डोकं सोफ्याच्या लाकडावर आपटलं, आणि एवढं सगळं खरोखरीचं दुखल्यामुळे काय खरं नि काय खोटं याची तिची तिलाच शंका आली. गालिच्याला कुत्र्याचा वास येत होता. कुत्रा मरून नऊ वर्षं झाली होती. मग खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला, आणि "म्युरियल!" आणि मग आवाजच बदलला, "मुली! ए मुली! अगं काय झालं तुला, डोळे उघड गं!" आणि दोन गुडघे तिच्याशेजारी धाडकन आपटले, सहासष्ट वर्षांचे. आईचे हात तिच्या कॉलरची बटणं काढत होते आणि बटणं निघत नव्हती, कारण हात लटलट कापत होते. हे खोटं नव्हतं. म्युरियलला वाटलं आता उठावं. उठून बसावं आणि म्हणावं, बघ आई, इतकं सोपं आहे. पण ती उठली नाही. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळावरून एक हात फिरत होता, जो हात तापात, गोवरात, बाबा गेले त्या रात्री फिरला होता आणि त्यानंतर कधीही नाही. कोणी काही मागत नव्हतं. कुठे जायचं नव्हतं, काही सांगायचं नव्हतं, कोणाला सांभाळायचं नव्हतं. किती बरं वाटत होतं! अरे देवा, किती बरं वाटत होतं, आणि हे कधी संपूच नये असं वाटत होतं, आणि डोळे मिटल्या मिटल्याच तिला भीती वाटली, की हे एकदा कळलेल्या माणसाला पुन्हा उभं राहणं फार जड जात असणार.

हुंगायच्या मिठाची बाटली नाकाशी आली तेव्हा तिला डोळे उघडावेच लागले. आईचा चेहरा उलटा, अगदी जवळ, गालांवर ओघळ. "आहेस ना गं? बघ माझ्याकडे. किती बोटं?" मग आईनं तिला उठवलं, उठवलं म्हणजे काय, काखेत हात घालून सोफ्यावर घेतलं, आणि तिच्या अंगात इतका जोर असेल असं म्युरियलला कधी वाटलं नव्हतं. तिनं ब्रँडी आणली. मनगटाला लोणी लावलं. पायांवर शाल घातली. फुटक्या कपाचे तुकडे वेचले, फरशी पुसली, शेकोटीत दोन कोळसे घातले. ती घरभर हिंडत होती, भरभर, ताठ, वीस वर्षांनी लहान झालेली, आणि बोलत होती. "माझ्याच अंगातलं आलंय तुझ्यात. माझ्या आईलाही होतं. मी म्हणतच होते, पोर इतकी पांढरी का दिसते. ते धुळीत बसणं, ते वाचणं! आणि जेवायला काय, तर पाव. तुला मी उद्यापासून अंडं देणार आहे." म्युरियल शालीखालून बघत होती. आईचे डोळे चमकत होते. ती आनंदात होती, हे तिचं तिलाही कळलं नसेल.

मग ती थांबली. हातात पुसायचं फडकं होतं. ती सोफ्याच्या कडेवर टेकली, आणि फडक्याची घडी घालत, वर न बघता म्हणाली, "म्युरियल, खरंच आली होती ना गं भोवळ?"

म्युरियलला तो प्रश्न नुसता ऐकू आला नाही, तो तिला समोर उभा दिसला, सताड उघड्या दारासारखा. नाही म्हणायचं. नाही आई, मी नाटक केलं. एवढंच. त्यानंतर मनगटावरचं लोणी पुसायचं आणि एडिनबरोला जायचं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येणार होता, विचारला तरी येणार होता आणि न विचारला तरी, की मग तुला कुठून कळलं हे असं करता येतं ते? आणि त्या प्रश्नाला या खोलीत एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर आत्ता फडक्याची घडी घालत बसलं होतं. घडी झाली होती. आई ती मोडून पुन्हा घालत होती. तिच्या मानेवरची कातडी सैल झाली होती, तिथे एक शीर उडत होती, जोरात. धक्का बसू देऊ नका, डॉक्टर म्हणाले होते. आईनं एकदाच वर बघितलं. अपराध नव्हता त्या नजरेत, डावही नव्हता. निदान म्युरियलला तो वाचता आला नाही. होती ती निव्वळ भीती, शाळेत छडीची वाट बघणाऱ्या पोराची असते तशी, आणि ती म्युरियलच्या जाण्याची नव्हती, तिच्या उत्तराची होती.

"हो, आई," म्युरियल म्हणाली. "खरंच आली."

आईनं श्वास सोडला. फडकं खुर्चीवर टाकलं, तिच्या पायांवरची शाल उगीचच पुन्हा नीट केली.

"मग अशा प्रकृतीनं कसलं आलंय एडिनबरो," ती हळूच म्हणाली. "तिकडची हवा काय ती! आणि परक्या घरात एकटी पडलीस म्हणजे? बघायला कोण आहे?" ती उठून लिहायच्या टेबलाशी गेली. "त्या माणसाला वाट बघायला लावणं बरं नव्हे. तू पडून राहा, मीच लिहिते. नाव काय त्याचं?"

"मॅक्रे."

आई लिहायला बसली. तिचं अक्षर सुंदर होतं, जुन्या वळणाचं. ती एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत होती आणि मग उतरवत होती: मुलीला खेद होतो, प्रकृती एकाएकी बिघडली, वैद्यकीय सल्ल्यानुसार. "वैद्यकीय म्हटलेलं बरं," आई म्हणाली, "लोकांना पटतं." मध्ये एकदा तिनं विचारलं, की खेद लिहू का अतिशय खेद, आणि म्युरियल म्हणाली, अतिशय. छताकडे बघत ती ऐकत होती. पूर्वेकडच्या खिडकीचं काय झालं याचं तिला काहीच वाटत नव्हतं, आणि हे काहीच न वाटणं हळूहळू अंगावर चढत होतं, मानेपर्यंत, ब्रँडीबरोबर. बाहेर कोणीतरी शीळ घालत उतरणीवरून गेलं.

आई पत्र घेऊन आली. खाली पुस्तक धरलं, पेन शाईत बुडवून पुढे केलं. "सही तेवढी तुझी हवी. का हात थरथरतोय? मी करू?"

"नको," म्युरियल म्हणाली. तिनं पेन घेतलं आणि सही केली. हात जराही हलला नाही, आणि ते दोघींनीही पाहिलं.